माझ्या गळ्यातलं लाल

आधी हातातला दगड खाली ठेवा, मग ऐका. मी सरडा बोलतोय. खापरखेड्याच्या कॉलनीत शेवटच्या क्वार्टरमागे मेहंदीचं कुंपण आहे, तिथे माझा मुक्काम. वीजकेंद्राची राख तिथल्या पानापानावर बसते, माझ्याही पाठीवर बसते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या आईने नळाजवळची ओली माती उकरली, अंडी घातली, वरून माती लोटली आणि चालती झाली. आमच्यातली माया एवढीच. बाहेर आलो तेव्हा मी काडीएवढा होतो. आधी मुंग्या खाल्ल्या, मग नाकतोडे. कावळ्याला चुकवलं, मांजराला चुकवलं. दिवसभर ऊन खायचं, रात्री फांदीला मिठी मारून झोपायचं. मी कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

तुम्ही म्हणता, सरडा सोयीप्रमाणे रंग बदलतो. सोय कसली! रंग माझ्या हातात नसतोच. मादी दिसली किंवा दुसऱ्या नराचा राग आला की गळा लालभडक होतो. भीती वाटली की सगळं उतरतं आणि मी मातकट दिसतो. मनातलं लपवायची कला तुमची, आम्हाला ती जमत नाही.

या उन्हाळ्यात माझा गळा पहिल्यांदाच लाल झाला. कुंपणावर चढून मी ऐटीत जोर काढत होतो. पलीकडून एक मादी बघत होती. अलीकडून त्या शेवटच्या क्वार्टरमधल्या रुखमाबाई बघत होत्या.

त्यांची सून मोनाली मागच्या दारात बसली होती. दोरीवर चार कपडे टाकले की हल्ली तिला धाप लागायची. गुडघे धरून ती म्हणाली, "आई, माही हाडं लय दुखून राहिली."

रुखमाबाईंनी तिच्या पांढऱ्या ओठांकडे पाहिलं, मग माझ्या गळ्याकडे. "हाच मेला तुह्यं रक्त पिऊन राहिला! दुरूनच ओढते हा. गळा पाह्य कसा भरला त्याचा!"

अहो, मला रक्त पिता आलं असतं, तर मी मुंग्या कशाला टिपत बसलो असतो?

त्याच दुपारी घरोघरी तब्येतीची चौकशी करत फिरणाऱ्या आशाताई आल्या. मोनालीची पापणी खाली ओढून त्या म्हणाल्या, "रक्त लय कमी दिसून राहिलं हिचं. उद्याच नागपूरले न्या, सिकलसेल तपासा, रक्ताचा आजार असते तो. उशीर नका करू." मोनालीच्या नवऱ्याने, मुकुंदने, लगेच सुटी सांगितली. मला हायसं वाटलं.

रुखमाबाईंना मात्र चैन पडेना. वाईट नाहीत हो त्या, सुनेच्या पायांना स्वतः तेल चोळतात. पण सकाळी निघायच्या वेळी त्यांना मी दिसलो. "मुकुंदा, हान त्याले!"

दगड कमरेत बसला. मी घाबरलो, आणि घाबरल्यावर जे व्हायचं तेच झालं. गळ्यातलं लाल झरझर उतरलं.

"सोडलं गा, सोडलं त्यानं! पोरीचं रक्त सोडलं!" रुखमाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता काहून जाता नागपूरले? दोन दिवस पाहू."

मोनाली हळूच म्हणाली, "पण आई, दुखणं तं आहेच."

"उतरते वं, हळूहळू उतरते."

मुकुंदने गाडी पुन्हा स्टँडवर लावली आणि तो दुपारच्या पाळीला निघून गेला. त्यानंतर नागपूरचं नाव कोणी काढलं नाही.

मी मात्र मागचे पाय ओढत रोज कुंपणावर चढतो. दगडाची भीती मलाही आहे. पण गळा पुन्हा लाल दिसला, तर रुखमाबाई म्हणतील की याने रक्त सोडलेलंच नाही, पोरीला दवाखान्यात न्या. म्हणून मी छाती फुगवतो, मान झटकतो, जोर काढतो. लाल काही चढत नाही. भ्यालेल्या सरड्याला ते जमतच नाही.

आज सकाळीही त्यांनी मला पाहिलं. माझा मातकट गळा बघून त्यांचा चेहरा उजळला. "वाचली माही पोरगी," असं म्हणत त्यांनी आभाळाकडे हात जोडले. त्यांच्या पाठीमागे मोनाली चौकट धरून उभी होती. उभी असतानाच ती सावकाश खाली बसली. तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा पडलाय.

रुखमाबाई, तुम्हाला रंगच बघायचा आहे ना? मग माझा सोडा. मागे वळा.