मंगलीची पात

एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला घड्याळ आणि शाल या पलीकडे सहसा काही मिळत नाही. प्रफुललाही डेपोतून दोन्ही मिळालं. पण नागपुरात नोकरी करणाऱ्या त्याच्या लेकीने, दिव्यानीने, एक जाडजूड पुस्तक पुढ्यात ठेवलं आणि त्याच्या हातातला चहा थंड होऊन गेला. मुखपृष्ठावर निळा अंगरखा आणि तळहातातून निघणारी वीज. तडितकुमार! लहानपणी सुटेसुटे येणारे त्या कॉमिकचे सगळे भाग कुणीतरी शोधून एकत्र छापले होते. साठी दोन पावलांवर आली आणि आता माणसाला हे डोहाळे लागले, असं त्याची बायको रीता म्हणाली. प्रफुलने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

त्याचे वडील मूल गावच्या एका राइस मिलमध्ये हमाल होते, तेव्हाची ही गोष्ट. मिलच्या मुनिमाचा मुलगा नागपूरहून ही हिंदी कॉमिकं आणायचा आणि प्रफुलला फक्त एका दिवसापुरती द्यायचा, तीही उपकार केल्यासारखी. प्रफुलच्या शेजारी मंगली राहायची. वयाने त्याच्याएवढीच. दुसरीत शाळा सुटली आणि धाकटी भावंडं कडेवर आली, पण तोंडाने अशी तिखट की गल्लीतली मोठी पोरंही तिच्या वाटेला जात नसत. दोघं गावाबाहेर बोडीच्या पारीवर, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या लहान तळ्याच्या बांधावर, मोहाच्या सावलीत बसायची. पुस्तक एक, डोकी दोन आणि मंगलीला घरून मिळणारी सवड चिमूटभर.

यावर प्रफुलने जो तोडगा काढला तो थेट बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, उचललेला होता. धान कापायला बाया उतरतात तेव्हा शेताची एकेक पट्टी प्रत्येकीच्या वाट्याला येते. ती तिची पात. आपली पात धरायची, तडीला लावायची आणि दुसरीच्या पातीत विळा घालायचा नाही. घातला, तर त्या बाईला पुढच्या हंगामापर्यंत टोमणे ऐकावे लागतात. त्या कॉमिकच्या पानावर चित्रांच्या दोन उभ्या रांगा असायच्या. डावी पात प्रफुलची, उजवी मंगलीची. आपापली वाचायची आणि पुस्तक मिटल्यावर एकमेकांना सांगायची. चित्रं आडवी वाचत जायची असतात, हे त्यांना सांगणार कोण? प्रफुलची शाळेची पुस्तकं सोडली, तर दोघांच्याही घरात छापील म्हणून जे काही होतं ते भिंतीवरचं कॅलेंडर.

मंगलीची पात नेहमी आधी संपायची. पान उलटायला ती बोट लावून बसलेली असायची आणि प्रफुल अजून दुसऱ्या चित्रातच अडखळत असायचा. पोरगी आपल्यापेक्षा हुशार, असं त्याने तेव्हाच मनाशी मान्य करून टाकलं होतं.

आणि तिचं सांगणं! तडितकुमार प्रफुलच्या पातीत वीज फेकायचा, पूल तोडायचा, दात-ओठ खायचा. मंगलीच्या पातीत त्याची बहीण होती. हिरव्या झग्यातली. लहानपणी जत्रेत हरवलेल्या भावाला ती गावोगाव शोधत फिरायची. तिच्या पाठीवर आंबिलीचं मडकं बांधलेलं असायचं, कारण भाऊ भेटेल तेव्हा उपाशीच असणार, हे तिला ठाऊक होतं. प्रत्येक भागात ती अगदी जवळ येऊन चुकायची. आपल्या पातीत तर तो 'तुझे मिटा दूँगा' म्हणून ओरडतो आहे, अशी शंका प्रफुलने एकदा काढली होती. मंगलीने एका दमात सांगितलं की बहिणीच्या मागे राक्षस उभा आहे, त्याला म्हणतो तो. प्रफुलचं समाधान झालं. इतकं झालं की बहीण चुकली त्या दिवशी त्याला घरी जेवण जायचं नाही.

मग शेवटचा भाग आला. मुखपृष्ठावरच लिहिलं होतं, अंतिम अंक. दोघांनी वाचला. मंगलीची पात आधी संपली आणि शेवटच्या चित्रावर बोट ठेवून ती तशीच बसली. प्रफुल विचारणार, तेवढ्यात तिचा भाऊ धावत आला. घरी पाहुणे आले होते, तिला पाहायला. उद्या सांगीन, म्हणून ती उठली. तो उद्या काही उगवला नाही. पाहुण्यांनी पसंती कळवली, मंगलीचं बाहेर जाणं बंद झालं आणि महिन्याच्या आत ती वैनगंगेपलीकडे, चामोर्शीच्या वाटेवरच्या एका गावात नांदायला गेली. जायचं वय नव्हतं, पण तेव्हा ते विचारतं कोण.

त्या शेवटच्या भागात बहीण भेटली का? प्रफुलने कॉमिक परत करण्याआधी उजवी पात वाचली नाही. हात शिवशिवले, पण वाचली नाही. ती तिची होती. पुढे तो कंडक्टर झाला आणि नशिबाने रूट मिळाला तो तोच, नदीपलीकडचा. मंगलीच्या गावच्या फाट्यावर तो रोज घंटी द्यायचा. एकदा ती त्याच्याच गाडीत चढली, काखेत लेकरू, डोक्यावर टोपली, गाडी खच्चून भरलेली. तिने विचारलं, बरा आहेस ना रे. तो बरा आहे म्हणाला आणि तिकीट फाडून पुढे सरकला. अशा गर्दीत माणूस काय विचारणार, तुझी बहीण भेटली का म्हणून? पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही. आपल्याला गोष्टीचा शेवट हवा आहे की बोडीची पार हवी आहे, हे त्याचं त्यालाच कळेना.

आता ते पुस्तक समोर होतं. पहिल्या भागापासून सुरुवात करावी म्हणून त्याने चष्मा लावला आणि या वेळी, भीतभीतच, आडवं वाचलं. अर्ध्या तासात भ्रमाचा भोपळा फुटला. हिरव्या झग्यातली बाई पाताळाची राणी होती. तडितकुमारच्या जिवावर उठलेली. पाठीवर विषारी वायूची टाकी. राक्षस कुठेच नव्हता, बहीण नव्हती, जत्रा नव्हती. चित्रकाराला नायक डावीकडे आणि शत्रू उजवीकडे काढायची सवय होती, एवढंच.

मग त्याला ते पान उलटायला लावलेलं बोट आठवलं. मंगलीला वाचता येत नव्हतं. दुसरीत शाळा सुटलेल्या पोरीला कुठून येणार? तिने चित्रं पाहिली होती आणि एवढी मोठी बहीण उभी केली होती, टाकीतून आंबील काढली होती. प्रफुलला हसू आलं आणि त्या हसण्याच्या मागोमाग डोळे भरून आले. शेवटचा भाग न उघडता त्याने पुस्तक मिटलं. त्यात काय छापलंय ते त्याला नको होतं. त्याला हवा असलेला शेवट छापलेलाच नव्हता, तो एकट्या मंगलीकडे होता.

दुसऱ्याच दिवशी तो साध्या प्रवाशासारखं तिकीट काढून त्या फाट्यावर उतरला. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन होतं, घरोघरी अंगणात धान वाळत पडलं होतं. मंगली पायाने धान उलटवत होती. केस पिकलेले, चाल तीच. सुना-नातवंडांसमोर तिने त्याला "ये भाऊ, बस" म्हटलं. त्यानेही मंगलाबाई म्हटलं आणि दोघांनाही ते जरा टोचलं. चहा झाला, कोण गेलं कोण राहिलं ते झालं. सुना कामाला लागल्या तेव्हा त्याने पिशवीतून पुस्तक काढलं.

मंगलीने मुखपृष्ठावरून हात फिरवला. चेहरा क्षणात पोरीचा झाला. प्रफुलने ठरवलं होतं, तिला वाचता येत नव्हतं हे आपल्याला कळलंय, असं दाखवायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने फक्त शेवटचा भाग उघडून दिला आणि म्हणाला, तुझी पात सांगायची राहिली होती.

मंगलीने पदराने चष्मा पुसला, उजव्या रांगेवर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. खरंखुरं वाचायला. अक्षराला अक्षर जोडत, हिंदीतला 'नष्ट' ठासून म्हणत. मधेच थांबून तिने अभिमानाने सांगितलं की गावात साक्षरतेचे वर्ग आले होते तेव्हा शाळेच्या ओसरीत ती सगळ्यात पुढे बसायची. तवा मले काई येत नोहतं, मी तुले मनचं सांगो, असंही ती हसत म्हणाली. प्रफुलही हसला. तिला येतं याचा त्याला आनंदच झाला, खोटं कशाला सांगा. पण पाताळाची राणी वायू सोडत होती, शाप देत होती, मरत होती आणि एकेका शब्दागणिक त्याच्या आत काहीतरी विझत चाललं होतं.

शेवटी त्याला राहवलं नाही. "मंगले, हे नाई. तवा तू जे सांगनार होती, ते सांग."

मंगली थांबली. मग तळहात आडवा धरून शब्दांचे फुगे झाकले आणि नुसतं चित्र पाहत राहिली. झग्याकडे, टाकीकडे, राणीच्या उघड्या तोंडाकडे. अंगणात कोंबड्या धानात शिरल्या तरी तिने त्यांना हाकललं नाही.

"नाई होत रे," ती हळूच म्हणाली. "तवा अक्षर समजे नाई, त चित्र बोले. आता आधी अक्षरच बोलते. भेटली होती का नाई, ते बी आठवत नाई मले."

प्रफुलने मान हलवली. इतकी वर्षं जपून ठेवलेली आशा अशी उन्हात, धानाशेजारी संपली होती आणि दोष द्यायला कुणी नव्हतं. तो पुस्तक पिशवीत घालायला लागला, तेव्हा मंगलीने त्याचा हात धरून थांबवलं.

"आन् तुही डावी पात? ते त तू बी नाई सांगितली. चाळीसच्या वर वर्षं झाली, तो मेला का वाचला, मले कुठी माहीत आहे?"

प्रफुलने पिशवी खाली ठेवली. तिचीही अर्धी गोष्ट तितकीच वर्षं अडकून पडली होती, हे या शहाण्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. वाचता येतं ना तुले, वाच की, असं तो म्हणाला. मंगलीने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"येते. पन ते तुही पात आहे. तूच सांग."

प्रफुलने एकदा घसा साफ केला. पुस्तक मिटूनच ठेवलं आणि तडितकुमार पूल ओलांडायला निघाला तिथपासून सांगायला सुरुवात केली.