गणपतीच्या डोळ्यांची हडळ

दचकू नका, मी हडळ बोलतेय. खरं तर हडळीचा मुखवटा; पण सिनेमात काम केल्यापासून मी स्वतःला हडळच म्हणवते.

माझा जन्म पेणचा, रामवाडीजवळच्या एका गणपतीच्या कारखान्यातला. आजूबाजूला सोंडा, मुकुट, उंदीर आणि मधल्या फळीवर कागदाच्या लगद्याची मी, दात विचकून! रोह्याच्या उर्वीला तिच्या पहिल्या सिनेमासाठी हडळ हवी होती. खिसा रिकामा, हौस दांडगी. "बघितल्याबरोबर बोबडी वळली पाहिजे," असं तिने बजावलं होतं.

दात झाले, तागाच्या जटा झाल्या. राहिले डोळे. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते आणि आमच्याकडे ती नूतनताई करतात. त्या बसल्या की रेडिओ बंद, गप्पा बंद. मूर्तीला नमस्कार करायचा, श्वास रोखायचा आणि एका दमात रेघ ओढायची. आयुष्यभराच्या सवयीने त्या माझ्यासमोरही तशाच बसल्या. मलाही हात जोडले, बांगड्या वाजल्या म्हणून कळलं! मी थक्क झाले. मग कुंचला फिरला आणि मला पहिल्यांदा जग दिसलं.

कारखान्याचे मालक सखाशेठ मला बघून पोट धरून हसले. "अगो नूतन, ही हडळ हाय का गौर?"

"काय करू? डोळ्यांवर आले की हात तिकडंच वळतो," नूतनताई ओशाळून म्हणाल्या.

बदलायला सवड नव्हती. दुसऱ्याच दिवशी शूटिंग होतं.

ते रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या एका बंद घरात झालं. सिनेमाचे दोष मी झाकणार नाही. धूर धुपाटण्याचा, भुताऐवजी कॅमेरावालाच खोकून बेजार. वारा टेबलफॅनचा आणि त्याची वायर एका दृश्यात चक्क दिसते. नायक अंबरीश डोलवीच्या कंपनीतली शिफ्ट संपवून यायचा, त्यामुळे त्याची किंकाळी थेट जांभईसारखी निघाली. पण दिवे कमी होते म्हणून अंधार खरा होता. तो अंधार बघून मीच आधी शहारले.

मला तोंडावर बांधून हडळ व्हायच्या त्या डेबोराबाई, कोकणातल्या ज्यू समाजातल्या, उर्वीच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. गोष्ट साधी होती. मेलेली बाई तिन्हीसांजेला आपल्या घरी येते, तर घरात दुसरीच माणसं राहतायत.

"बाई, आता झडप घाला," उर्वी म्हणाली.

बाई हलल्याच नाहीत. "आमचे सगळे इस्रायलला गेले, माहेरचं घर विकलं. नंतर एकदा बघायला गेले होते मी. दारातच उभी राहिले गो. आत पाऊल टाकवेना. झडप कशी घालू?"

उर्वीने कॅमेरा बंद केला नाही. बाईंना तसंच उभं राहू दिलं. त्यांचा ऊन ऊन श्वास मला आतून लागत होता. माणसाच्या आत एवढं काही साठलेलं असतं, हे मला कुठे ठाऊक होतं?

सिनेमा जोडून झाल्यावर अंबरीशने तोंड वाकडं केलं. "ही कोणाला भिववणार? कॉम्प्युटरवर डोळे लाल करू, आणि दचकवणारी एक उडी पण टाकू."

उर्वीने कॉम्प्युटर बंद केला. मग म्हणाली, "आधी लोकांना दाखवू. कोणी घाबरलं नाय, तर कर लाल."

माझा जीव टांगणीला लागला.

रोह्यातल्या मंगल कार्यालयात दुपारी पडदे ओढून सिनेमा लावला. मला पडद्याशेजारी टेबलावर ठेवलं होतं. धुराला लोक हसले, वायरला हसले, अंबरीशच्या किंकाळीला तर शिट्टी पडली. उर्वीचा चेहरा एवढासा झाला.

आणि मग मी दारात उभी राहिले. बाई गं! स्वतःला एवढं मोठं मी कधी पाहिलंच नव्हतं. कुणी किंचाळलं नाही. कुणी हसलंही नाही. खुर्चीसुद्धा करकरली नाही. पुढच्या रांगेत मासळी विकणाऱ्या गिरजाबाई बसल्या होत्या. पडद्याकडे बघत त्या मोठ्याने म्हणाल्या, "ये गो बाय. दारान कशाला उभी? आत ये. घर तुझाच हाय."

डेबोराबाईंनी पदर तोंडाशी धरला.

अंबरीश खाली वाकून कुजबुजला, "कोणीच घाबरलं नाय. करू ना लाल?" उर्वीने त्याचा हात घट्ट धरला आणि मान हलवली. नाही.

आता मी उर्वीच्या खोलीत खिळ्यावर असते. दमट हवेने एक कान मऊ पडलाय, जटाही विरळ झाल्यात. सिनेमातली वायर अजून तशीच आहे. तिला खुशाल हसा. भुताला घाबरणारी माणसं मी कारखान्यात पुष्कळ ऐकली होती. भुताला घरात बोलावणारं माणूस मात्र त्या दुपारी पाहिलं, आणि त्या नवलातून मी अजून बाहेर आलेले नाही.

म्हणून एवढंच मागते. तिन्हीसांजेला तुमच्या दारात कुणी नुसतंच उभं दिसलं, तर आधी आत बोलवा. घाबरायचं मग बघता येईल.