झेंडूची जीप मैदानात

मी एक जीप बोलतेय. रंगानं हिरवी, आवाजानं मोठी आणि स्वभावानं, माझं मीच सांगते, हौशी. आता मी सुरगाण्याच्या स्टँडवर उभी असते. पण माझं तरुणपण गेलं नाशिकला लागून असलेल्या मखमलाबादला, गोटीराम मालकांच्या फुलमळ्यात.

कारखान्यातून निघाले ती थेट एका सरकारी खात्यात. साहेबांची ने-आण करता करता जुनी झाले आणि लिलावात निघाले. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. गोटीराम मालकांनी मला मळ्यात आणलं, मागची बाकडी काढली आणि तिथं झेंडूच्या पाट्या रचल्या. साहेबांच्या सिगारेटीपेक्षा तो वास मला केव्हाही बरा वाटला.

फुलं चेपली की भाव पडतो. म्हणून मालकीणबाई, नवसाबाई, मागे पाट्या धरून बसायच्या आणि मळ्यापासून फुलबाजारापर्यंत त्यांचा एकच घोष चालायचा, "अहो, हळू! अहो, खड्डा!" मालक बिचारे दुसऱ्या गिअरच्या वर जायचेच नाहीत. दूधवाले, रिक्षा, सगळे आम्हाला मागे टाकून जायचे. एकदा तर उसानं भरलेला ट्रॅक्टरही पुढे गेला. मालक हसून हात दाखवायचे, "जा बाबा, जा." पण स्टिअरिंगवरचा दुसरा हात किती घट्ट आवळलेला असायचा, ते मला ठाऊक.

नव्व्याण्णव साली पाऊस उघडल्यावर लाउडस्पीकर लावलेली रिक्षा मखमलाबादमधून फिरली. आडगावच्या पुढच्या माळावर जीपगाड्यांच्या शर्यती, मातीवरच्या, दसऱ्याआधीच्या रविवारी. मालक दुपारच्या जेवणाला बसले होते. हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, "मी नाव देणार."

"कशात?" नवसाबाईंनी विचारलं.

"शर्यतीत. आयुष्यभर समद्यांला साइड देत आलो. एकदा कुणीतरी मला द्यावी की!"

त्यांची मुलगी शुभांगी पोट धरून हसली. मग तिनं वडिलांचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. शुभांगी आयटीआयमधून मोटार मेकॅनिक झालेली. पेठ रोडला तिच्या आतेभावाचं, कुंदनचं, गॅरेज होतं, तिथं काम करायची.

नवसाबाईंनी भाकरी उलटली, तिला तव्यावर फुगू दिलं आणि मग त्या बोलल्या, "द्या नाव. पण दुसऱ्या दिवशी नवमी हाय. पहाटे माझा झेंडू बाजारात पोचला पाहिजे. दसऱ्याच्या त्या एका दिवसावर आपलं वर्ष चालतं. गाडी मोडली, तर या घरात एकतर मी राहीन नाय तर तुमची जीप!"

मला जरा धस्सच झालं.

कुंदनला बातमी कळताच तो मालेगावच्या भंगार बाजारात धावला आणि कुठल्याशा जुन्या विलायती मोटारीचं सहा सिलिंडरचं इंजिन घेऊन आला. "मामा, आता बघा कशी उडते ती!" माझं चार सिलिंडरचं इंजिन खाली उतरलं आणि ते धूड माझ्या छातीत बसलं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मी खूश झाले. सुरू केल्याबरोबर गल्लीतली कुत्री पळाली. असा आवाज जन्मात काढला नव्हता मी!

माळावर चाचणी घेतली. सरळ रस्त्यावर मी खरंच उडाले. पण वळण आलं आणि मालकांनी स्टिअरिंग फिरवलं, तरी माझं नाक वळेना! पुढची चाकं मातीवर नुसती घसरत गेली आणि मी सरळ मक्याच्या कडब्याच्या गंजीत शिरले. मालक डोक्यात कडबा घेऊन बाहेर आले. हसत होते, पण चावी आधी खिशात टाकली.

"ताकद अजून थोडी वाढवावी लागेल," कुंदन म्हणाला.

"ताकद पुष्कळ झाली," शुभांगी म्हणाली. "ओझं सगळं नाकावर आलंय. मातीला चाक धरायलाच मिळत नाहीये. जुनंच इंजिन घालू या."

"त्या म्हाताऱ्या इंजिनावर शर्यत? लोक हसतील, शुभे!"

दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी मालक कडबा झटकत म्हणाले, "कुंदन, इंजिन लय भारी आणलंस. पण ते मला नेतंय रे. मी त्याला नेत नाय."

कुंदन रुसला. पण रुसवा जेवणापुरताच टिकला. दुपारी तोच माझ्या जुन्या इंजिनाचं जड चाक, फ्लायव्हील, उचलून लेथवर हलकं करायला घेऊन गेला. इंजिनाचा उठाव त्यानं जलद झाला. शुभांगीनं हेड घासून घेतलं, कार्बोरेटरचं जेट बदललं. माझंच काळीज, पण धुऊन-पुसून परत दिल्यासारखं!

मग ती माझ्या अंगाकडे वळली. शर्यतीचं मैदान लंबगोल, सगळी वळणं डावीकडे. "नाना, वळताना वजन उजवीकडे फेकलं जाणार," ती वडिलांना म्हणाली, "आणि तुम्हीही बसणार उजवीकडेच." म्हणून तिनं बॅटरी आणि स्टेपनी डावीकडे, मागच्या कोपऱ्यात नेली. उजव्या चाकांत हवा जास्त, डाव्या चाकांत कमी. मागच्या चाकांवरच्या कमानींतले, म्हणजे स्प्रिंगांतले, काही पाटे काढले, म्हणजे मागची चाकं माती दाबून धरतील. पहिल्यांदा जरा जास्तच काढले. उंचवट्यावर माझं बूड असं आपटलं की मालकांची टोपी उडाली. मग दोन्हीकडे एकेक पाटा परत घातला. अंग कसं मोकळं झालं माझं!

पुन्हा माळावर गेलो. वळणाला माझं मागचं अंग बाहेर सुटलं.

"अगं, मागची चाकं पळतायत!" मालक ओरडले.

"पळू द्या! स्टिअरिंग थोडं उलटं धरा. गॅस सोडू नका, नाना!"

त्यांनी सोडला नाही. मी आडवी होत, धुरळा उडवत वळणातून बाहेर पडले. मालक नुसते पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत राहिले, पेट्रोल संपेपर्यंत.

रविवारी आडगावच्या माळावर जत्रा लोटली होती. टँकरनं माती भिजवलेली. शहरातल्या गाड्या, पिंपळगावच्या गाड्या, आणि निफाडच्या वाल्मीक नावाच्या द्राक्षवाल्याची लालभडक जीप, जिच्यापुढे मी मावशी दिसत होते. निशाण पडलं. मोठी इंजिनं जागच्या जागी चिखल उडवत राहिली. मी मुकाट्यानं निघाले. पहिल्याच वळणाला एक गाडी मागे पडली. मग दुसरी. मालक हसत होते की रडत होते, कळत नव्हतं.

नवसाबाई येणार नव्हत्या. पण मैदानाच्या कडेला लावलेल्या एका टेम्पोच्या टपावर कोण उभं, तर त्याच! "अहो, हळू!" सवयीनं निघून गेलं तोंडातून. पुढच्या फेरीला मात्र पदर खोचून ओरडत होत्या, "अहो, हाणा! हाणा की!"

शेवटच्या फेरीत आमच्यापुढे फक्त लाल जीप उरली. शेवटचं वळण. आत जागा नव्हती. बाहेरून होती, पण तिथं कडेला खोल चर. मी तयार होते. गॅस दाबलेलाच होता. तेवढ्यात मालकांचा पाय किंचित वर आला, आणि लाल जीप पुढे निघून गेली. आम्ही दुसरे.

कुंदन धावत आला. "मामा, पाय का उचलला?"

"चरात गेली असती तर? उद्या पहाटे झेंडू न्यायचाय."

टेम्पोवरून उतरून आलेल्या नवसाबाईंनी ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मेला तो झेंडू! तवाच आठवायचा होता का? एवढी एक गाडी मागे टाकायची राहिली की हो!"

मालक जे हसायला लागले, ते माझ्या बॉनेटवर डोकं टेकून. शुभांगी हसली, कुंदन हसला. तो वाल्मीकसुद्धा येऊन हसत हात मिळवून गेला.

त्याच संध्याकाळी ओझं पेलावं म्हणून शुभांगीनं कमानींचे उरलेले पाटे परत चढवले. पहाटे झेंडू बाजारात वेळेवर पोचला. वाटेत नवसाबाई म्हणाल्या, "जरा तिसरा टाका."

पुढे पाच-सहा वर्षं आम्ही मैदानात उतरलो. एकदा पहिलेही आलो. गावोगावचे हौशी आपापल्या गाड्या घेऊन शुभांगीकडे यायला लागले. मग मळ्यात नवा पिकअप आला आणि मी शेडमध्ये उभी राहिले. टायर बसले, सीटखाली चिमण्यांनी घरटं केलं. ते दिवस मला आवडले नाहीत. सुरगाण्याचा पुंजा सवाऱ्या न्यायला जीप शोधत आला, तेव्हा मालकांनी चावी देताना तोंड फिरवलं. मी मात्र एका झटक्यात स्टार्ट झाले.

इथं डोंगर आहेत, भाताची पोती आहेत, बाजाराला निघालेल्या बायकांच्या गप्पा आहेत. थकते, पण रोज कुणाला तरी माझी गरज असते. तुमच्या दारातही एखादी जुनी गाडी झाकून ठेवली असेल. ताडपत्री काढा, हवा भरा आणि तिला चार माणसांत न्या. एवढीच विनंती.

ही बघा, पुंजाची आई सावित्रीबाई नागलीचं, म्हणजे नाचणीचं, गाठोडं घेऊन पुढच्या सीटवर बसलीसुद्धा. दार आपटून म्हणतेय, "चाल ना आता!" निघते मी. बसायचं असेल तर मागे थोडी जागा आहे.