मोरिनो-सानना बास कसं म्हणायचं

माझं नागोयाला जाणं रद्द झालं. आता हे झालंच नाही असं धरून सांगतो.

तर मी नागोयाला जाणार आहे. पिरंगुटच्या आमच्या कंपनीतून एकालाच तिकडं पाठवणार, आणि जपानी शिकलेला मी एकटाच. शिकलो इंग्रजीतून. बालवाडीपासून इंग्रजी माध्यम, त्यामुळे बोलतो मराठीत पण विचार इंग्रजीत करतो. अशा माणसाला जपानी शिकवणं म्हणजे म्हशीला जिना चढवणं. चढते. पुढं काय, ते म्हशीलाही ठाऊक नसतं.

आमच्या एचआरच्या मृण्मयी मॅडम म्हणाल्या, "तिकडचे साहेब, मोरिनो-सान, आलेत नागोयाहून. रविवारी त्यांना गावाकडचं जेवण दे. तुझं बोलणं त्यांना पटलं की फायनल."

म्हणून त्यांना घेऊन माले गावी, आमच्याच वर्कशॉपमधल्या एकनाथच्या घरी गेलो. वाढायला त्याची आई, गंगूबाई. तांदळाची भाकरी, गावठी कोंबडीचा रस्सा.

मोरिनो-साननी ताट लख्ख केलं. त्यांच्यात पानात टाकणं म्हणजे यजमानाचा अपमान. गंगूबाईंच्यात पाहुण्याचं ताट रिकामं दिसणं हा अपमान. ह्यांनी वाढलं, त्यांनी संपवलं, ह्यांनी वाढलं.

पाहुण्यांना घाम फुटला तसा मी म्हणालो, "मावशी, बास. पोट भरलंय त्यांचं."

"त्यानं सांगितलं व्हय तुला?"

"नाही, पण दिसतंय ना."

"मग गप जेव. नगं आसंल तर ताटावर हात आडवा धरंल की त्यो. लाजतंय लेकरू."

लेकरू निवृत्तीला आलेलं होतं.

एकनाथ कुजबुजला, "आरं, त्यान्ला सांग ना हात धरा म्हनून! यवढं शिकलास!"

इंग्रजीत हे दोन शब्दांचं काम. 'स्टॉप ईटिंग.' समोर राष्ट्रपती असो की रिक्षावाला. जपानीत तोंड उघडण्याआधी ठरवायचं, हे माझे साहेब, पाहुणे, की वडीलधारे? तिन्ही. म्हणजे हुकूम बाद. 'तुम्ही' म्हणायचं नाही, 'नको' म्हणायचं नाही, असं काही सुचवायचं की ते त्यांनाच सुचलंय असं त्यांना वाटावं. मी सुरुवात केली. ताट... हात... वरती... क्रियापद शेवटी येतं. त्याच्या आधी भाकरी आली.

मग मी माझ्याच ताटावर हात आडवा धरून दाखवला. मोरिनो-सानना वाटलं, इथला विधी असेल. त्यांनी हात जोडून ताटाला वाकून नमस्कार केला.

गंगूबाईंचे डोळे भरून आले. "अन्नाच्या पाया पडतोय बघ, एकनाथ!" आणि त्या इंद्रायणी तांदळाचा भात नि तूप घेऊन आल्या.

मोरिनो-साननी माझ्याकडे पाहिलं. बुडणारा काठावरच्याकडे पाहतो तसं. मला एकच तयार वाक्य आठवलं, जपानी शिकायच्या अ‍ॅपमधलं, कुत्र्यानं चप्पल तोंडात धरली की म्हणायचं. "खाऊ नकोस!" असं मी जपानीत ओरडलो. उच्चार निर्दोष होता.

ते उठले. कमरेत वाकून माझी माफी मागितली आणि गाडीत जाऊन बसले.

"काय म्हनलास रं त्याला?" गंगूबाईंच्या हातात भात तसाच. "भरल्या ताटावरनं पाव्हना उठवलास? माझ्या घरात?"

मी सांगायला लागलो. ताट... हात... वरती... आणि हे तर मराठीत होतं.

सबब, जपान सरकारच्या भाषा खात्यास (असे खाते नसल्यास ते स्थापन करून) नम्र विनंती की, साहेब, पाहुणे व वडीलधारे यांना सारखेच लागू पडेल आणि वाक्याच्या सुरुवातीलाच येईल असे एक क्रियापद तातडीने मंजूर करावे, व ते मी मोरिनो-सान यांना पहिल्याच भाकरीला म्हटले होते, असे पूर्वलक्षी प्रभावाने समजण्यात यावे.