पाळण्याची पहिली दोरी

याकोब मास्तरांच्या घरचा नाताळ म्हणजे काही फार थाटाचा नव्हे. गोरेगावात ख्रिस्ती घर ते एकच. चर्च गाठायचं तर सकाळी जीपमध्ये कोंबून घेऊन हिंगोलीला जायचं, तेव्हा आदली संध्याकाळ घरचीच. बांबूच्या कामट्यांची चांदणी, तिला पतंगाचा लाल कागद, शास्त्रातला मेंढपाळांचा भाग, परातभर करंज्या आणि पाळणा. करंज्यांना मुरड घालायला शेजारची हलीमा दुपारीच येऊन बसायची आणि निम्म्या गल्लीच्या भानगडी त्याच परातीत मुरडल्या जायच्या.

पाळणा मात्र मास्तरांच्या आईचा, चतुराबाईंचा. सुताराकडून घेतलेला, हातभर लांब, जुन्या लुगड्याच्या मऊ पट्टीने मढवलेला. चतुराबाईंना लग्नानंतर कैक वर्षं मूल नव्हतं. कोण्या एका नाताळाला मिशनच्या आवारात एका म्हातारीने त्यांच्या हातात बाळ येशूच्या पाळण्याची दोरी दिली, त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना केली, आणि पुढच्या वर्षी याकोब जन्मला. तेव्हापासून त्यांच्या घरात रीतच पडली. गल्लीत जिची कूस रिकामी, पहिली दोरी तिची. मग ती कुठल्या का धर्माची असेना. घरच्या कर्त्याने लाकडाचं बाळ पाळण्यात ठेवायचं, त्या बाईचं नाव घेऊन देवाकडे मागायचं, मग तिने दोरी ओढायची आणि बायकांनी पाळणा म्हणायचा. चतुराबाई या बाबतीत फार कडक. त्या म्हणायच्या, "देवाच्या दारात लेकरू मागायला लाज कसली?"

सत्त्याहत्तर सालच्या नाताळाला ती दोरी पंचफुलाची होती. आदल्या वर्षीही तिचीच होती.

पंचफुला म्हणजे समोरच्या सोनाजीची बायको. सोनाजी गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. अंगाने उंच, बोलायला कमी, आणि मास्तरांवर त्याचा असा विश्वास की मास्तर म्हणाले आज अमावास्या, तर पौर्णिमेचा चांदही त्याला दिसला नसता. त्या दुपारी मास्तर अंगणात चांदणी बांधत होते आणि सोनाजी कामट्या तासून देत होता. आत बायकांचं हसणं चाललं होतं. सोनाजीने एकदा दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मास्तर, एक इचारू का?"

"विचार की."

"ती गाठ आता सोडवायला काय करावं लागंल?"

मास्तरांच्या हातातली सुतळी तिथेच राहिली.

"राज्य बदललं म्हनत्यात," सोनाजी म्हणाला. "आता कुनी कुनाला धरून न्हेत न्हाई. घरची लई मागं लागून राहिली. औंढ्याला नागनाथाला जाऊन आली, नरसीला जाऊन आली, आता तुमच्या पाळन्यावर आस लावून बसली. मला बी बगवत न्हाई. तुमी म्हनला व्हता, पायजे तवा सुटंल. मंग एक दिस जाऊन सोडवून येऊ की."

"नाताळ होऊ दे," मास्तर म्हणाले. "मग बघू."

"बराबर," म्हणून सोनाजी पुन्हा कामटी तासायला लागला. त्याच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मास्तरांना तिथे बसवेना. पाणी प्यायचं निमित्त करून ते मागच्या परसात गेले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

'मग बघू' हे दोन शब्द मास्तर लोकांच्या फार सोयीचे. त्यांत खोटंही नसतं आणि खरंही नसतं. पण याकोब मास्तरांनी आधी बोललेलं होतं ते मात्र शुद्ध खोटं होतं.

गेल्या वर्षी आणीबाणीच्या पावसाळ्यात वरून हुकूम आला होता की प्रत्येक मास्तराने नसबंदीच्या केसेस आणायच्या, नाहीतर पगार नाही. मास्तरांनी दोन महिने टाळाटाळ केली आणि दोन महिने पगार आला नाही. घरात मास्तर, बायको नीलाबाई, आई आणि दोन लेकी, मार्था आणि सुवार्ता. त्या दिवसांत पंचफुला पदराआड ज्वारी आणून नीलाबाईच्या डब्यात ओतायची आणि वर दटावायची, "मास्तरला सांगू नगा, मानी मानूस हाय." हे सगळं पाहून सोनाजी एका संध्याकाळी आपणहून आला. म्हणाला, "मास्तर, तुमची लेकरं उपाशी ऱ्हात्यात आन् मी बगत बसू का? मला न्ह्या. फकस्त येवढं सांगा, पुढं मला लेकरू व्हईल का न्हाई?"

मास्तरांना ठाऊक होतं. नसबंदीच्या कॅम्पातल्या डॉक्टरला त्यांनी स्वतः विचारलं होतं आणि डॉक्टरने मान हलवली होती, पुन्हा जोडण्याची आशा धरू नका म्हणून. तरी मास्तर म्हणाले, "होईल की. गाठ असते ती. पाहिजे तेव्हा सोडवता येते."

कॅम्पात डॉक्टरने विचारलं, याला मुलं किती? बिनमुलाची केस ते घेत नसत. सोनाजी बाहेर रांगेत होता. मास्तर म्हणाले, दोन. नावं काय? मास्तरांच्या तोंडून आपल्याच लेकींची नावं निघून गेली. निदान दुसरी काही नावं सुचायची होती! पण खोटं बोलायची सवय नसली की माणूस घरातलंच उचलून देतो. पंचफुलाला मास्तरांनी सांगितलं, सोनाजीला बांधकामावर धाडलंय. सोनाजी आठवडाभराने परत आला तो जरा वाकडा चालत. परांचीवरून पडलो, म्हणाला. तिने विश्वास ठेवला. तिच्याही मते मास्तरांच्या घराशी संबंध असलेल्या गोष्टीत खोटं असायचं कारण नव्हतं.

आणि त्यानंतर चारच महिन्यांनी गेल्या वर्षीचा नाताळ. मास्तरांनी बाळ पाळण्यात ठेवलं, हात जोडले आणि पंचफुलाचं नाव घेऊन देवाकडे तिच्यासाठी मूल मागितलं. बायकांनी डोळ्याला पदर लावला. हलीमा म्हणाली, "दुआ असावी तर अशी." मास्तर वर्षभर ते वाक्य ऐकत होते. शाळेत फळ्यावर लिहिताना ऐकू यायचं, जेवताना यायचं. माणसाशी खोटं बोललो ते एक. पण देवासमोर डोळे मिटून उभा राहिलो आणि जे स्वतःच्या हाताने बंद केलं तेच मागितलं. याला काय म्हणायचं? मास्तरांना त्यासाठी शब्द सापडत नव्हता आणि शोधायची हिंमतही नव्हती.

दिवेलागणीला चांदणीत पणती ठेवली. लाल उजेड ओट्यावर पडला. सुवार्ताने चुरूचुरू वाचत मेंढपाळांचा भाग संपवला. बायका पाळण्याभोवती बसल्या. पंचफुला हिरवं लुगडं नेसून, केसांत अबोलीचा गजरा माळून अगदी पुढे बसली होती. सोनाजी रीतीप्रमाणे बाहेर ओट्यावर. चतुराबाईंनी लाकडाचं बाळ फडक्यातून काढून लेकाच्या हातात दिलं.

मास्तरांनी ते पाळण्यात ठेवलं. हात जोडले. "हे प्रभू," म्हणाले, आणि तिथेच थांबले.

सगळे वाट पाहत राहिले. पंचफुलाचे डोळे मिटलेले. तिचे ओठ हलत होते, मास्तरांच्या आधीच तिचं मागणं सुरू झालं होतं.

"याकोबा," चतुराबाई हळूच म्हणाल्या, "नाव घे तिचं."

मास्तरांना नाव येईना. गेल्या वर्षी हेच नाव किती सहज आलं होतं, हे आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले आणि कोणाकडे न बघता बाहेर ओट्यावर गेले.

"सोनाजी," ते म्हणाले, "ती गाठ सुटत नाही."

सोनाजीला आधी कळलंच नाही. तो सरकून मास्तरांना बसायला जागा करून देत होता.

"सुटत नाही रे. मला तेव्हाच माहीत होतं. डॉक्टरने सांगितलं होतं मला. मी तुझ्याशी खोटं बोललो. माझा पगार सुटावा म्हणून."

मास्तर वाट पाहत होते की तो अंगावर धावून येईल, दोन शिव्या हासडील, गल्ली गोळा करील. तसं झालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

"मंग गेल्या साली," सोनाजीने सावकाश विचारलं, "तिच्या हाती दोरी देऊन देवापाशी काहून मागितलं, मास्तर?"

मास्तरांना मान वर करता आली नाही.

"ती वर्सभर बाळंतपनाच्या चिंध्या जमवून राहिली," सोनाजी म्हणाला. "मऊ मऊ बगून. हलीमाकडून बी मागून आनल्या." मग त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी न्हाई सांगनार तिला. मला न्हाई जमायचं. तुमी सांगा. तुमचं बोलनं ती खरं मानती."

मास्तर आत आले. त्यांचा चेहरा पाहून चतुराबाईंना काहीतरी उमगलं असावं. त्यांनी हलीमाला आणि पोरींना चुलीपाशी पाठवलं, नीलाबाईला जवळ बसवून घेतलं. पंचफुला एकटीच दोरीपाशी राहिली आणि सगळ्यांकडे बघत हसली. आपल्यासाठी काही खास प्रार्थना होणार, असंच तिला वाटलं. सोनाजी दाराच्या चौकटीत येऊन उभा राहिला.

मास्तर तिच्यासमोर जमिनीवर बसले. शाळेत चाळीस पोरांपुढे खणखणीत बोलणारा माणूस, पण एक एक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा काढत होता. कॅम्प सांगितला. गाठ सांगितली. आपण खोटं बोललो ते सांगितलं, आणि गेल्या नाताळाला प्रार्थना करताना सगळं ठाऊक होतं हेही सांगितलं. लेकींची नावं दिली तेही लपवलं नाही. नीलाबाईने तोंडावर हात दाबून धरला. चतुराबाई भिंतीला टेकल्या. ज्याला देवाकडे मागून घेतलं त्या लेकाकडे त्या अशा बघत होत्या की मास्तरांनी एकदा तिकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"तुम्ही आम्हाला ज्वारी घातली," मास्तर म्हणाले, "आणि मी हे केलं. मला माफी मागायलाही तोंड नाही, पंचफुला."

पंचफुलाने ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती मास्तरांकडे बघतच नव्हती. दारातल्या सोनाजीकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून, काहीतरी जुनं जुळवून पाहिल्यासारखी.

"अवो," ती म्हणाली, "परांचीवरून पडलो म्हनला ते ह्येच व्हय?"

सोनाजीने मान हलवली.

"आन् मी येडी गुडघ्याला हळद लावत बसले." तिचा आवाज फुटला. ती उठली, त्याच्याजवळ गेली आणि मास्तरांच्या, म्हातारीच्या, सगळ्यांच्या देखत तिने त्याचा हात धरला. "तवा लई दुखलं का तुमाला?"

सोनाजी रडायला लागला. एवढा थोराड माणूस, तो चौकटीला डोकं टेकवून लेकरासारखा रडला. ती त्याला धरून अंगण ओलांडून घरी घेऊन गेली.

मास्तर जमिनीवरच बसून होते. दुखलं का, हे त्यांनी सोनाजीला सव्वा वर्षात एकदाही विचारलं नव्हतं.