बाबूला आणलेलं स्थळ

मित्रांनो, मी एक जुनी मासोळी आहे. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे, आणि नाव बाबू. हसू नका, त्या नावामागं मोठी भानगड आहे.

दाताच्या दवाखान्यात लोक जिथं गाल धरून बसतात ना, तिथं माझी काचेची टाकी आहे. समोर डॉक्टरीणबाईंचे वडील बसतात. सगळे त्यांना बाबा म्हणतात. पेशंटला हाक मारायची आणि आम्हाला खायला घालायचं, ही त्यांची कामं.

तेव्हा आम्ही तिघं होतो. थोरली, मी आणि धाकटा. आमच्यात सगळ्यात मोठी असते ती बाई, आणि राज्य तिचंच. तिच्या खालोखालचा तो नवरा, म्हणजे तेव्हा मी. धाकटा अजून धड बाई नाही, धड बाप्या नाही, कोपरा धरून गप असायचा. थोरली अंडी घालायची, मी ती राखायचो. बरं चाललं होतं.

एका सकाळी थोरली तळाशी आडवी दिसली. बाबांनी तिला ओंजळीत धरून बाहेर काढलं. आणि त्यानंतर माझ्या अंगात जे सुरू झालं, त्यानं मी पार हबकलो. अंग वाढायला लागलं. जन्मभर मान खाली घालून वावरलेला मी, धाकट्यावर गुरकायला लागलो. पोटात काहीतरी जुनं विरत होतं, नवं धरत होतं. विचारायचं कुणाला? सांगणारी तर गेलेली. मग एक दिवस उमगलं, की मी बाप्या राहिलेलोच नाही. थोरलीच्या जागी आता मीच बाई झाले होते, आणि तो धाकटा माझा नवरा.

बाबांना यातलं काय ठाऊक? त्यांना वाटलं, बाबू दुःखानं सुजलाय. पेशंटही तोंडात कापूस धरून माना हलवायचे. शेवटी बाबांनी मासेवाल्याकडे खेटे घातले. मनासारखं स्थळ मिळेपर्यंत कितीतरी महिने गेले, आणि एके दिवशी पिशवीतून एक धिप्पाड मादी त्यांनी माझ्या घरात सोडली.

आमच्यात एका घरात दोन बायका नांदत नाहीत. मी धावून गेले. तिनं माझा पर फाडला, मी तिचा. बाबा उठले ते खुर्ची पाडूनच. पाण्यात हात घालून त्यांनी तिला सोडवलं, जाळीच्या डब्यात ठेवलं आणि डबा टाकीतच टांगला. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "बायकोच्या अंगावर जातोस होय रे? असला नवरा मला इथं नको."

मासेवाल्याला निरोप गेला, या रविवारी बाबूला घेऊन जा. माझं घर, माझा धाकटा, सगळं सुटणार होतं. आणि बोलायला मला तोंड कुठंय?

पण पोट काही थांबत नाही. रविवार उजाडायच्या आत मी टाकीत पालथ्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीला अंडी चिकटवली. धाकटा परानं त्यांच्यावर पाणी हलवत बसला. डॉक्टरीणबाईंना ते दिसलं. त्यांनी पेशंटच्या दाढा बघायचा लांब दांड्याचा आरसा धुतला, पाण्यात घातला आणि कुंडीमागं बराच वेळ बघितलं.

"बाबा, ही बाबूची अंडी आहेत. पाहुणी तर डब्यात बंद आहे."

"अगं, पण हा बाप्या आहे."

"होता."

बाईंनी मासेवाल्याला फोन लावला, त्यानं आमची सगळी रीत सांगितली. बाबांनी ऐकून घेतलं आणि जाळीच्या डब्यातली पाहुणीच परत पाठवली. मग काचेला कपाळ टेकून हळूच म्हणाले, "चुकलं गं बाई माझं."

सुजल्या गालाच्या एका काकांनी विचारलं, आता हिचं नाव काय ठेवणार?

"बाबूच," बाबा म्हणाले. "तिला सवय झालीय."

मित्रांनो, आता मी थकले. कधीतरी मीही तळाशी आडवी दिसेन. मग धाकटा सुजेल, गुरकेल, घाबरून जाईल. तेव्हा एवढंच करा. त्याला वेळेवर खाऊ घाला, पाणी स्वच्छ ठेवा, आणि जरा बघत बसा. स्थळ तेवढं आणू नका.