वर्षापूर्वीची गाठ

"श्वास घे. आता रोखून धर."

मामाने मायक्रोफोनचं बटण सोडलं. काचेपलीकडे भाची आडवी सरकत स्कॅनच्या यंत्राच्या कड्यात गेली आणि पडद्यावर तिचं पोट चकतीचकतीने उमलू लागलं. यकृताच्या उजव्या अंगाला ही एवढी गाठ. गाठीच्या मधोमध ताऱ्यासारखा व्रण, व्रणात चुन्याचे पांढरे कण, आणि शेजारच्या ग्रंथी टपोऱ्या झालेल्या.

टेबल बाहेर आलं तेव्हा ती धापा टाकत होती.

"मामा, सोड म्हणायला विसरलास."

"यंत्र अडकलं होतं गं."

"यंत्र की तू?"

तो पडद्याकडे वळला. या खोलीत त्याचं आयुष्य न बोलण्यात गेलं होतं. नातेवाईक दारातच त्याचा चेहरा चाचपत, आणि तो सगळ्यांना एकच सांगे, "डॉक्टर सांगतील." दवाखान्यात त्याचं नावच पडलं होतं, कुलूप.

गाठ नवी नव्हती. वर्षापूर्वीच्या सोनोग्राफीत ती दिसली होती, व्रणासकट. पण तसला व्रण निरुपद्रवी गाठीतही असतो. पोरगी पंचविशीची, कधी कावीळ नाही, रक्त स्वच्छ. काही नाही, घरी जा, असं सांगितलं गेलं. त्या दिवसापासून तिच्या आईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"भांडी दिसली की बरं दुखतं गं तुझं! दवाखान्याने काही नाही म्हटलं, आता नाटक कंपनीत जाऊन बघ."

पोरगी हसायची आणि पोटावर हात दाबून भांडी घासायची. दुखणं मुंगीच्या पावलाने आत चालत राहिलं.

सुई घालून गाठीचा तुकडा काढला. काही दिवसांनी प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी मामाला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. मोठमोठ्या गुलाबी पेशी, प्रत्येकीच्या पोटात एक ठळक ठिपका. त्यांच्यामधून तंतूंचे पट्टे गेलेले, एकाशेजारी एक, एखाद्या आईने लेकीचे केस विंचरून सारखे करावेत तसे. इतकं सुबक, की त्याला चीड आली.

"कॅन्सरच आहे, पण दुर्मीळ," बाई म्हणाल्या. "तरण्याताठ्यांनाच गाठतो. धडधाकट यकृतात येतो, रक्तात खूण ठेवत नाही."

"वर्षापूर्वीची ती...?"

"तीच. तेव्हा कापून काढता आली असती कदाचित. आता ग्रंथींपर्यंत गेलंय. प्रयत्न करू."

भाचीला त्याने सगळं सांगितलं. कुलूप पहिल्यांदाच उघडलं. तिने ऐकून घेतलं, नखाने बाकाचा रंग खरवडला.

"आईला कॅन्सर म्हणून सांग. पण आत्ताच झालाय म्हण. मागच्या वर्षीची गाठ ही नव्हे."

"खोटं बोलू?"

"ती मला वर्षभर काय काय बोललीय, तुला ठाऊक आहे. मी असेन नसेन. तिला ते आठवत राहील ना रे."

ताई बाहेर पिशवी सावरत उभी होती. मामा भाचीला घेऊन तिच्यापुढे गेला आणि कुठल्याच नातेवाइकाशी कधी न बोललेलं बोलला, कॅन्सर आहे. ताईने भिंतीचा आधार घेतला, पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. मग ओले डोळे वर करून तिने विचारलं,

"वर्षभर होतं का रे हे? खरं सांग."

"नाही ताई. नवीन आहे. तेव्हा काही नव्हतं."

ताईने दीर्घ श्वास सोडला. छातीवरची धोंड उतरावी तशी ती सैलावली. मग लेकीकडे वळली, आवाजात जुनी धार परत आलेली.

"म्हणजे तेव्हा नाटकंच करत होतीस ना गं? मी म्हणत नव्हते?"

मामाचं तोंड उघडलं. भाचीने त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

"हो गं आई," ती म्हणाली. "तेव्हा करत होते."

आईच्या खांद्यावरून घसरलेली पिशवी तिने काढून घेतली, उजव्या हाताने उचलवेना म्हणून डाव्या खांद्याला लावली, आणि जिन्याकडे चालू लागली.